कोयनेचा भूकंप आणि वयाचा रकाना

एमडीच्या प्रबंधासाठी पाटण तालुक्यात रक्तदाबाच्या साठीपुढच्या रुग्णांच्या आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. एथिक्स कमिटीची मंजुरी, मराठीतलं संमतिपत्र, सही न येणाऱ्यांसाठी त्रयस्थ साक्षीदार, यातच चार महिने गेले. वय, शिक्षण, व्यवसायाचं पहिलं पान मात्र मी सोपंच धरलं होतं.

तिसऱ्याच घरी अडले. आजींनी पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. जन्मतारीख १ जानेवारी १९६८. म्हणजे २०२४ साली ५६ वर्षं, अभ्यासातून बाद. उठता उठता विचारलं, "आजी, कोयनेचा भूकंप आठवतो?"

"न आठवाया काय झालं? नव-धा वर्साची हुते, शेरडं राखत हुते. पाटंचं आढं कडाडलं, आयनं दंडाला धरून वडत भायेर काढली."

तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. कार्डाप्रमाणे आजींचा जन्म त्यानंतर तीन आठवड्यांनी!

गाइड म्हणाल्या, कागदावर आहे तेच धर. मला पटेना. तारीख ठाऊक नसली की कार्डावर अंदाजाचं वर्ष आणि १ जानेवारी पडते. पुढे अशी कार्डं घरोघरी निघाली, आणि बहुतेक शाळा न पाहिलेल्या, मजुरीत जन्म गेलेल्या बायकांची. त्या गळाल्या, तर ज्येष्ठ रुग्ण म्हणून माझ्या तक्त्यात शाळेचा दाखला असलेले पेन्शनरच उरणार होते. औषधांचे सल्ले मग कुणाच्या आकड्यांवरून द्यायचे? भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, लग्न, पहिलं मूल अशा खुणांवरून वय ठरवायची पद्धत सर्वेक्षणांत आहेच. ती प्रोटोकॉलमध्ये घालायला पुन्हा कमिटीकडे गेले. दीड महिना थांबावं लागलं, पण मंजुरी मिळाली.

व्यवसायाचंही तेच. सून म्हणाली, "घरीच असत्यात." आजींच्या पायांच्या बोटांच्या बेचक्या लावणीच्या चिखलाने कायमच्या चिरल्या होत्या. 'गृहिणी' खोडून 'शेतमजूर' लिहिलं.

डॉक्टरांचे फॉर्म दोन मिनिटांत भरून आले: वय, पदवी, सेवेची वर्षं. मी स्वतः नागपूरची. पहिल्या आठवड्यात एका मावशींनी "भवंड येती" म्हणून सांगितलं, ते मला कळलंच नाही आणि चक्करेचा रकाना कोरा राहिला. म्हणून डॉक्टरांच्या फॉर्मात एक प्रश्न वाढवला: तुम्ही कुठे वाढलात, आणि इथली बोली कळते का?

मावशींकडे परत जाऊन तो रकाना भरला. आजींच्या फॉर्मवर वय लिहिलं, ६६.