पायपेटी आणि हरवलेली कॉर्ड

आपल्या शाळेत प्रार्थनेला पायपेटी, म्हणजे पायांनी भाता मारायची पेटी, वाजायची. तो भरदार, लांबणारा आवाज ज्यांच्या कानात आहे, त्यांना ‘द लॉस्ट कॉर्ड’ (हरवलेली कॉर्ड) हे इंग्रजी गाणे चटकन उमजेल. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याविषयी लिहितो.

शब्द ॲडलेड प्रॉक्टर या कवयित्रीचे, चाल इंग्रज संगीतकार आर्थर सलिव्हनची. जानेवारी १८७७मध्ये सलिव्हनचा भाऊ फ्रेड अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्याच्या उशाशी बसून त्याने ती बांधली. भाऊ गेला आणि त्याच महिन्यात अँटोनेट स्टर्लिंगने ते गायले. पियानोवर स्वतः सलिव्हन, जोडीला ऑर्गन. मग ते इंग्लंडच्या दिवाणखान्यांत घरोघर पोहोचले. १४ ऑगस्ट १८८८ला लंडनमध्ये पत्रकारांना एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे यंत्र, दाखवला, तेव्हा कॉर्नेट (तुतारीसारखे पितळी वाद्य) आणि पियानोवरचे हेच गाणे ऐकवले होते. टायटॅनिकमधल्या मृतांच्या कुटुंबांसाठी १९१२मध्ये न्यूयॉर्कला इटालियन ऑपेरा गायक कारुसोनेही हेच गायले.

गाण्यात ऑर्गनवर बोटे फिरवणाऱ्या थकल्या जिवाला ‘आमेन’सारखी (ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेवटचा शब्द) एक कॉर्ड सापडते आणि हरवते. पहिल्या ओळीत गायकाचा सूर जवळजवळ हलतच नाही, खाली साथीच्या कॉर्ड बदलत राहतात. मला ही जागा फार मोठी वाटते. आपल्याकडे चाल म्हणजेच गाणे; इथे निम्मे गाणे साथीत आहे. नुसती चाल पेटीवर काढली तर सपाट लागते ती त्यामुळेच. गाणाऱ्यांची चूक वेगळी: मधल्या कडव्यांतच आवाज चढवतात आणि शेवटच्या ‘आमेन’ला दम उरत नाही.

हातपेटीवर एक हात भात्यात अडकतो, खर्ज सुटतो. पायपेटीवर डाव्या हाताने खालचा एकच सूर धरावा, उजव्याने तीन. पाच-सहा पट्ट्या एकदम दाबल्या की हवा भराभर संपते, मग नवशिका घाईने भाता मारतो आणि आवाज हेलकावे खातो. पाय आलटूनपालटून, सावकाश चालवावेत.

प्रार्थनेच्या शेवटी चर्चमध्ये ऐकू येणारे ‘आमेन’ दोन कॉर्डचे असते. पांढरी एकचा सा घ्या. आधी सा-म-ध, मग सा-ग-प. म सरकून गवर येतो, ध पवर. अंगठा मात्र ‘सा’वरून उचलायचा नाही; उचलला की मध्ये फट पडते आणि ‘आमेन’ तुटते.