अग्रलेख मागे घेतला, पण चूक कुठे होती?

मदर तेरेसांच्या संतपदावर ‘लोकसत्ता’ने १७ मार्च २०१६ ला ‘असंतांचे संत’ हा अग्रलेख छापला आणि दुसऱ्याच दिवशी दिलगिरी छापून तो मागे घेतला. वाचकांच्या भावना दुखावल्या, असं कारण दिलं. लेखातलं कुठलं विधान खोटं होतं किंवा कुठला शब्द मर्यादा सोडून होता, हे मात्र वाचकाला कळलं नाही. माझ्या मते अशी माघार सगळ्यात वाईट. चूक दुरुस्त होत नाही आणि पुढच्या वेळी दबाव कसा आणायचा हे मात्र सगळ्यांना कळतं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०२० मध्ये निदान कारणं तरी दिली. अमेरिकेत तेव्हा चाललेली निदर्शनं आवरायला लष्कर पाठवा, असं सांगणारा सिनेटर टॉम कॉटन यांचा लेख ३ जूनला आला. त्यावर वृत्तपत्रातलेच शेकडो कर्मचारी उखडले. लेख काढला नाही; ५ जूनला वर संपादकीय टीप चढवली. कुठले दावे तपासायला हवे होते, सूर कुठे नको तितका कडवट झाला, आणि मथळा कॉटन यांचा नव्हे तर वृत्तपत्राचा होता, हे सगळं त्यात होतं. मतविभागाचे प्रमुख जेम्स बेनेट यांनी लेख छापण्यापूर्वी वाचलाच नव्हता. ७ जूनला त्यांचा राजीनामा जाहीर झाला.

मथळ्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा. भडका बरेचदा लेखकाने न लिहिलेल्या गोष्टीवरून उडतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘लोकमत’च्या रविवार पुरवणीत आयसिसला पैसा कुठून मिळतो यावर लेख होता. लोक चिडले ते सोबतच्या चित्रावरून: डुकराच्या आकाराची पैसे साठवायची पेटी आणि तिच्यावर अरबीत धार्मिक मजकूर. वृत्तपत्राला माफी मागावी लागली, कचेऱ्यांवर हल्ले झाले. मथळा डेस्क (संपादन विभाग) देतं, चित्र कला विभाग काढतो आणि पान लागतं रात्री उशिरा. म्हणून संवेदनशील लेखाचं पान मथळा-चित्रासह लागल्यावर, लेखात आधी हात न घातलेल्या माणसाने एकदा वाचावं. अरबी असो वा कानडी, चित्रातली अक्षरं वाचता येणाऱ्याला दाखवल्याशिवाय पान सोडू नये.

गदारोळ सुरू झाला की आधी तक्रारी वेगळ्या कराव्यात. तथ्याची चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती करा: जुनं वाक्य काय होतं, नवं काय आहे, तारीख काय. शब्द चुकला असेल तर तो शब्द नावानिशी सांगून खेद व्यक्त करा. आणि तक्रार नुसती मताबद्दल असेल तर लेख तसाच ठेवा. विरोधकाला आठवड्याच्या आत, त्याच पानावर, जवळपास तेवढीच जागा द्या. वेबवरचा लेख गुपचूप उडवू नये. स्क्रीनशॉट तोवर फिरलेले असतात, त्यातले काही छेडछाड केलेलेही, आणि खरा मजकूर दाखवायला तुमच्याकडेच काही उरत नाही. लेखकाची मूळ प्रत, डेस्कने केलेले बदल आणि आधाराची कागदपत्रं एकत्र बांधून ठेवा.

‘लेखकाच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ या ओळीवर फार विसंबू नये. अब्रुनुकसानी (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) किंवा धार्मिक भावना दुखावल्याचा (कलम २९९) गुन्हा दाखल झाला तर ती ओळ ढाल होत नाही. प्रेस कौन्सिलकडे (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे) जाणाऱ्याने आधी संपादकाला लिहायचं असतं. दैनिक-साप्ताहिकाबद्दलची तक्रार दोन महिन्यांत करावी लागते. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही.

बाहेरून लिहिणाऱ्यांनी लेख देण्याआधीच मेलवर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: मथळा छापण्यापूर्वी दाखवणार का, आणि खटला झाला तर वकिलाचा खर्च कोण करणार. मानधनाचा आकडा त्यानंतर बोलावा.