प्रिंटमधले पाय

नववीला प्रोजेक्टसाठी ‘प्रबोधनकालीन कला’ हा विषय दिला की ग्रंथालयात मुलं येतात ती चित्रं मागायला. ती तर फोनवरच मिळतात. मग रंगीत प्रिंट, खाली चित्रकाराचं नाव आणि साल, भोवती स्केचपेनची महिरप. गुण या महिरपीलाच मिळतात, हे माझं जुनं दुखणं. ग्रंथालयाच्या वर्गीकरणातल्या 759.5 क्रमांकाची, म्हणजे इटालियन चित्रकलेवरची, जाडजूड पुस्तकं कपाटात तशीच राहतात.

या खेपेला एक मुलगी लिओनार्दो दा विंचीच्या ‘द लास्ट सपर’ची, म्हणजे येशूच्या शिष्यांसोबतच्या शेवटच्या जेवणाच्या चित्राची, प्रिंट घेऊन आली. खाली लिहिलेलं : मिलान, 1498, फ्रेस्को. रंग ताजे, चेहरे स्वच्छ, आणि टेबलाखाली येशूचे पाय. मूळ चित्रात ते पाय आज नाहीत. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहात, भिंतीवर ते चित्र आहे. 1652 मध्ये तिथल्या दरवाजासाठी भिंत फोडली, तेव्हा मधला खालचा भाग पायांसकट गेला. म्हणजे तिच्या हातातलं चित्र दुसरंच काही होतं.

चित्र कुठलं हे शोधताना आधी कडा बघायच्या. मूळ चित्र 460 बाय 880 सेंटिमीटरचं आहे आणि वर छताच्या चौकटी दिसतात. प्रिंटमध्ये वरचा भाग कापलेला होता. मग पृष्ठभाग. मुळात रंगाचे सुटे तुकडे उरलेत आणि मधल्या मोकळ्या जागा फिक्या जलरंगाने भरल्यात. प्रिंटमध्ये रंग सलग. मग गुगल लेन्स, पण समोर येईल त्या पहिल्या पानावर विसंबायचं नाही. संग्रहालयाच्या स्वतःच्या पानापर्यंत जायचं आणि पाच गोष्टी उतरवून घ्यायच्या : चित्रकार, काळ, माध्यम, मोजमाप, सध्याचं ठिकाण. माध्यमाची ओळ मुलं हमखास गाळतात, आणि चूक नेमकी तिथेच पकडता येते. हे निघालं कॅनव्हासवरचं तैलचित्र. लिओनार्दोच्या प्रभावळीतल्या जाम्पिएत्रिनोच्या नावावर असलेली, साधारण 1520 ची नक्कल, लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संग्रहातली. येशूला दगा देणाऱ्या ज्यूडास या शिष्याच्या हाताजवळ कलंडलेलं मिठाचं भांडंसुद्धा तिच्यात स्पष्ट दिसतं.

‘फ्रेस्को’ हा शब्दही खोडावा लागला. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यातच पक्का बसतो. त्यामुळे दिवसाभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज लावायचा. चुकलं तर खरवडून पुन्हा. लिओनार्दोला हे बंधन नको होतं. त्याला रंगाचे थर चढवत, थांबत, बदल करत काम करायचं होतं. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर अस्तर देऊन टेम्परा (अंड्यासारख्या चिकट पदार्थात कालवलेला रंग) आणि तेल वापरलं. भिंत दमट, रंग वरवर बसलेला, पोपडे धरणारच. लिओनार्दो हयात असतानाच, 1517 मध्ये, चित्र बिघडू लागल्याची नोंद एका प्रवाशाने केली आहे. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली अनेकांनी त्यावर हात फिरवले. ऑगस्ट 1943 मधल्या बॉम्बहल्ल्यात भोजनगृहाचं छप्पर कोसळलं. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ही भिंत मात्र वाचली. शेवटचं मोठं जतनकाम सुमारे वीस वर्षं चाललं आणि 1999 मध्ये संपलं.

“मग अजिंठा पण फ्रेस्को नाही का, मॅडम?” तिने विचारलं. नाही, तिथेही चिकट बंधक घालून कोरड्या थरावरच रंगवलं आहे.

तिचा पुढचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. “नक्कल करणाऱ्याने पाय स्वतःच्या मनाने काढले नसतील कशावरून?” संशोधन इथून सुरू होतं. एका नकलेवर भरवसा ठेवायचाच नाही. या चित्राच्या बऱ्याच जुन्या नकला आहेत, बेल्जियममधल्या टोंगरलोच्या मठातही एक मोठी आहे. वेगवेगळ्या हातांच्या नकला एखाद्या तपशिलावर जुळल्या, तर तो मुळात असण्याची शक्यता वाढते. एकीतच दिसला तर जपून. जतनकाम करणाऱ्यांनीही नष्ट झालेल्या जागांसाठी नकलांचा आधार घेतला तो असाच.

मुलीने फाईल नव्याने केली. डावीकडे आजची भिंत, उजवीकडे लंडनची नक्कल, दोन्हीखाली पाचही गोष्टी, मध्ये दरवाजाची जागा पेन्सिलीने दाखवलेली. इतकं नीटनेटकं काम शाळकरी फाइलीत क्वचित दिसतं. तपासणाऱ्यांनी शेरा मारला ‘मुख्य चित्र अस्पष्ट’, आणि सादरीकरणाचे गुण कापले. चित्र पाचशे वर्षांत झिजलंय आणि फाईल त्याबद्दलच आहे, हे मजकूर वाचला असता तर कळलं असतं.

मूल्यमापनाच्या तक्त्यात सजावटीला रकाना आहे. चित्र कुठून घेतलं, त्याचं माध्यम काय, याला नाही. तो घालावा असं मी लेखी दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.