तुम्ही विचारलंत म्हणून: ती गाडी मी अजून का विकलेली नाही

‘विकून का टाकत नाहीस?’ हा प्रश्न माझी सेकंडहँड घेतलेली महागडी गाडी बंद पडलेली असताना आला, तर मी समजू शकते. पण तो मला ती सुरळीत चालू असतानाही विचारला जातो, तिच्याच मागच्या सीटवर पाय लांब करून. म्हणून एकदाच लिहून टाकते. यापुढे कोणी विचारलं की हेच पुढे करीन.

हिशोब माझ्या बाजूने नाही, हे मान्य. महागड्या गाडीचा भाव पहिल्या काही वर्षांत धाडकन उतरतो, तिच्या पार्टचा उतरत नाही. गाडी मला जुन्या गाडीच्या भावात मिळाली, दुरुस्त मात्र नव्या गाडीच्या भावात होते. हे मला घेण्याआधीच माहीत होतं, तेव्हा ‘तुला फसवलं’ असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. आणि ‘मिरवायला घेतली’ म्हणणाऱ्यांनी मला टो करणाऱ्या गाडीच्या केबिनमध्ये बसून घरी येताना बघितलं आहे. ते मिरवणं असेल तर असो.

तिचं मुख्य दुखणं एअर सस्पेन्शन, म्हणजे चाकांना बसणारे धक्के हवेवर झेलणारी यंत्रणा. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराच्या पिशव्या, आणि त्यात कॉम्प्रेसरने भरलेली हवा. खड्डा आला की तो आत बसलेल्याला नुसता ऐकू येतो, लागत नाही. पण वय झालं की हे रबर घडीपाशी तडकतं. भेग एवढी बारीक असते, की गाडी चालू असताना काही कळतच नाही. गळालेली हवा कॉम्प्रेसर गुपचूप भरून काढत असतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी एक कोपरा खाली बसलेला. त्याकडे दुर्लक्ष केलं तर जादा काम करून कॉम्प्रेसरही जळतो, म्हणजे एका पिशवीच्या खर्चात दुसरा मोठा खर्च.

ही कटकट आजची नाही. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूएमला हवेचं सस्पेन्शन होतं, आणि त्याच्या त्रासाला कंटाळून कित्येक मालकांनी ते काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या. माझा मेकॅनिकही मला तेच सुचवतो. तसं किट मिळतं, खर्चही कमी येतो, आणि डोक्याला ताप नाही. पण मग जी चाल बघून मी ही गाडी घेतली, तीच जाणार. बाकी उरतं ते कातडं आणि लाकूड. त्याच्यासाठी एवढा खर्च मीही करणार नाही. मोडतं ते आणि आवडतं ते एकच आहे, हे त्याला कसं सांगू?

तरी मी विकायला काढली होती. हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत नाही.

एक नवरा-बायको बघायला येणार होते. आदल्या रात्री मी ठरवलं होतं, विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण न विचारता सांगायचंही नाही. सकाळी खाली उतरले तर पुढचा उजवा कोपरा चाकावर टेकलेला. मी इंजिन सुरू केलं. कॉम्प्रेसरची घरघर झाली आणि गाडी हळूहळू उठून सरळ उभी राहिली, ते लोक यायच्या आत. मला दाखवली होती तेव्हाही ती आधीपासून सुरू करून ठेवलेली होती. तेव्हा मला ते अगत्य वाटलं होतं.

ते आले. गाडी इतकी शहाण्यासारखी वागली, की मलाच राग आला. डॅशबोर्डवर एक दिवा लागला नाही. त्या बाई मागे बसल्या, दार ओढून घेतलं, बाहेरचा आवाज बंद झाला आणि त्यांनी डोळे मिटले. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. त्यांचे मिस्टर बॉनेट उघडून प्लास्टिकचं कव्हर बघत उभे होते. त्याच्याखेरीज तिथे दिसण्यासारखं काही नसतंच. मग म्हणाले, “छान ठेवलीय हो तुम्ही.”

आणि मी सगळं सांगून टाकलं. पिशवी गळते, कॉम्प्रेसर किती टिकेल सांगता येत नाही, बॅटरी जराशी उतरली की नसलेलेच बिघाड दाखवायला लागते. मला वाटलं, आता भाव पाडून मागतील. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “एवढं आपणहून सांगताय, म्हणजे याहून मोठं काहीतरी असणार.”

काय उत्तर द्यायचं याला? मी म्हटलं, “गाडी रात्रभर इथेच उभी राहू दे. उद्या सकाळी मी हात लावायच्या आत या आणि स्वतः बघा.” त्याने तर त्यांचा संशय पक्काच झाला. दोघं बाजूला जाऊन बोलले. बाई परत आल्या, “कळवतो” म्हणाल्या, आणि जाता जाता दारावरून उगीच एकदा हात फिरवला. कळवलं अर्थातच नाही.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करा, काही होत नाही. सगळं सर्व्हिसिंग केलं. रबर सर्व्हिस बुक वाचत नाही. आता त्या जुन्या ‘मी’ला गप्प करावं म्हटलं, तर ती उलट विचारते, त्या दिवशी तू खरं बोललीस ते त्या माणसांसाठी, की गाडी जाऊ नये म्हणून? यावर माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं पहिलं, कधी दुसरं. हायवेला लागले की दुसरं जास्त.

पिशवी बदलून झाली आहे. आता मागची डावी बाजू संशयास्पद वाटते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं आहे. तेव्हा ‘विकून टाक’ म्हणणाऱ्यांपैकी कोणाला ती खरंच हवी असेल, तर जरूर या. सकाळी या, मी उठायच्या आधी.