चौथ्या पत्रातील सर्वनाम

गेली २० वर्षे मी पुण्यात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना जर्मन भाषा आणि भाषांतर शिकवते. त्याआधी पदविकेच्या वर्गांना अगदी प्राथमिक जर्मन शिकवत असे. पहिल्याच आठवड्यात येणारा ‘डू’ आणि ‘झी’ यांतील फरक मराठी मुलांना समजावताना मला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. ‘डू’ म्हणजे तू, ‘झी’ म्हणजे तुम्ही किंवा आपण, एवढे सांगितले की काम झाले. इंग्रजी भाषकाला जे नियम म्हणून पाठ करावे लागते, ते आपल्याला घरातूनच मिळालेले असते, असे मी अभिमानाने सांगत आले. हे समीकरण मी यापुढे इतक्या सहजपणे फळ्यावर लिहू शकेन, असे मला वाटत नाही.

अकरा वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ चार जर्मन पत्रे घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांचे आजोबा ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून १९३२ साली परतले आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत तिथल्या एका स्त्रीने त्यांना ही पत्रे लिहिली. घरच्यांना त्यांतले दोनच शब्द वाचता येत होते, आजोबांचे नाव आणि ‘पूना’. याचे कारण असे की पत्रे कुरेन्ट या जुन्या जर्मन हस्तलिपीत होती आणि त्या लिपीत लिहिणारे लोक परकी नावे मात्र लॅटिन वळणाच्या अक्षरांत लिहीत. मी तेव्हा सर्व मजकूर वाचून त्याचे इंग्रजी भाषांतर करून दिले. या पावसाळ्यात ते पुन्हा आले. कुटुंबासाठी एक छोटी पुस्तिका छापायची होती आणि आजोबांच्या ८७ वर्षांच्या कन्येला, म्हणजे त्यांच्या आत्याला, पत्रे मराठीत हवी होती.

मी ते काम एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीकडे सोपवले. जळगाव जिल्ह्यातील मराठी शाळेत शिकलेल्या या मुलीचे इंग्रजी बेताचे आहे आणि त्यामुळे भाषांतराच्या परीक्षेत तिचे गुण दर वेळी कमी होतात, कारण आमच्याकडे ती परीक्षा जर्मनमधून इंग्रजीतच द्यावी लागते. महाराष्ट्रात जर्मन शिकणाऱ्याचे भाषांतर मराठीत का तपासले जाऊ नये, हा प्रश्न मी अभ्यासमंडळापुढे तीनदा मांडला आहे. २०२४ साली राज्य शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर सगळे लक्ष नोकरीपुरत्या जर्मनकडे लागले आहे. ती गरज खरी आहे, परिचारिका आणि वीजतंत्री होऊ पाहणारी ती मुले मनापासून शिकतात. परंतु जुनी लिपी वाचायला शिकवणारा एकही तास विभागात उरू नये, हे मला चुकीचे वाटते.

कुरेन्ट शिकायला तिला तीन आठवडे लागले. या लिपीतला ‘ई’ हा दोन तिरप्या, समांतर रेघांचा असतो आणि अगदी ‘एन’सारखा दिसतो. ‘यू’सुद्धा तसाच दिसत असल्यामुळे त्याच्या डोक्यावर एक लहानसा वळसा काढत. ‘एस’ शब्दाच्या मध्ये लांब आणि शेवटी गोल असतो. भरभर लिहिलेल्या ओळीत हे सगळे मिळून नुसत्या करवतीच्या दात्यांसारखे दिसते. १९४१ साली नाझी राजवटीने ही लिपी शाळांतून काढून टाकली, आणि म्हणून आजच्या बहुतेक जर्मन माणसांनासुद्धा आपल्या पणजीचे पत्र वाचता येत नाही.

एका दुपारी ती चौथे पत्र घेऊन आली. पत्रावर २४ नोव्हेंबर १९३५ ही तारीख होती. करवतीच्या दात्यांसारखा एक शब्द तिला लागत नव्हता. मी तो वाचून दाखवला, ‘ईनेन’, म्हणजे तुम्हाला. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, “मॅडम, पण तीन पत्रांत ती त्यांना तू म्हणते आहे. मी ‘तुला’ असं लिहीत आले. इथे अहो-जाहो कसं झालं?”

मी माझे जुने इंग्रजी भाषांतर काढले. चारही पत्रांची सुरुवात ‘लीबर फ्रॉइंड’ अशी, इंग्रजीत ‘डिअर फ्रेंड’. पहिल्या तीन पत्रांच्या शेवटी ‘डाइने’ म्हणजे तुझी आणि चौथ्याच्या शेवटी ‘ईरे’ म्हणजे आपली. इंग्रजीत दोन्हीकडे ‘युअर्स’. मध्ये सगळीकडे ‘यू’. कोणत्याही वाक्याला चुकीचे म्हणता येणार नाही असे ते भाषांतर होते आणि त्यात चारही पत्रे एकाच सुरात लिहिलेली वाटत होती. जर्मनमध्ये ‘डू’वर आलेली दोन माणसे सहसा ‘झी’कडे परत जात नाहीत, आणि गेली तर काहीतरी घडलेले असते, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. माझ्या जुन्या वहीत त्या पत्राची मी स्वतः केलेली प्रत आहे आणि तिच्यात ‘झी’ अचूक उतरवलेला आहे. म्हणजे डोळ्यांनी तो वाचला होता. मनाने वाचला होता का, हे मला कितीही प्रयत्न केला तरी आठवत नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त छळते आहे.

मग आम्ही चौथे पत्र खिडकीशी नेऊन ओळीओळीने पाहिले. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठे करून पाहताना ‘आपल्या आई’ या शब्दांपाशी शाई दाट दिसली. ‘ईरे’च्या पहिल्या अक्षराखाली आधी काढलेल्या ‘डी’चा वळसा आहे, असे तिला वाटले. मलाही तसेच वाटते, पण शपथेवर सांगण्याइतकी खात्री नाही.

पत्रात लग्नाची बातमी पोचल्याचा एका वाक्यात उल्लेख आहे, अभिनंदन आहे, आणि शेवटी उत्तराची घाई करू नका असे लिहिले आहे. माझा पहिला निष्कर्ष सरळ होता. आजोबांचे लग्न झाले आणि तिने अंतर राखले. विद्यार्थिनीने तारखेकडे बोट दाखवले. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युर्नबर्गचे वंशविषयक कायदे झाले होते, ज्यू आणि जर्मन यांच्यातील विवाह आणि शरीरसंबंध यांवर बंदी घालणारे. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या त्याच तांत्रिक विद्यापीठातून व्हिक्टर क्लेम्पेरर या प्राध्यापकांना ते ज्यू म्हणून काढून टाकण्यात आले होते. हिंदुस्थानातील पुरुषाला ‘डू’ लिहिलेले पत्र कोणी उघडून वाचले तर काय, अशी भीती एखाद्या जर्मन स्त्रीला वाटली नसेल कशावरून? कायद्याचा शब्दशः रोख ज्यूंवर होता हे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, “भीती काय कलम वाचून वाटते, मॅडम?” मला उत्तर देता आले नाही. एका सहकाऱ्यांनी हे ऐकून, सर्वनामासाठी एवढा वेळ आजकाल कोण देतो, हे काम यंत्र क्षणात करते, असे म्हटले. भाषा शिकवणाऱ्या माणसाने असे म्हणावे याचे मला वाईट वाटले.

खरी अडचण आत्यांच्या घरी कच्चा खर्डा वाचताना कळली. पहिल्या पत्रातला ‘तू’ ऐकताच त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवले. “बाबांना तू म्हणणारी घरात फक्त आजी होती,” त्या म्हणाल्या. चौथ्या पत्रात आम्ही ‘तुम्ही’ घातले होते. तिथे त्यांचा चेहरा निवळला. “आई पण असंच म्हणायची. तुम्ही.” ज्या ठिकाणी जर्मनमध्ये दार लोटले जाते, त्याच ठिकाणी १९३५ सालच्या मराठी घरात बायको बोलू लागते, हे मला २० वर्षांत सुचले नव्हते. आम्ही ‘तुम्ही’ खोडून ‘आपण’ केले आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला. या वेळी त्यांनी लगेच विचारले, “ही रागावली का बाबांवर?” मी दोन्ही शक्यता सांगितल्या. बाबांनी काय उत्तर लिहिले होते, असे त्यांनी विचारले. ती पत्रे गेली असतील तर ड्रेस्डेनच्या योहानश्टाट भागात, आणि तो भाग फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात जवळजवळ पूर्ण नष्ट झाला, हेही मला सांगावे लागले.

पुस्तिकेचा मजकूर अजून छापखान्यात गेलेला नाही. चौथ्या पत्राखाली टीप द्यायची हे ठरले आहे आणि तिच्यात दाट शाईचाही उल्लेख असेल. मात्र टिपेत लग्न आधी लिहायचे की कायदा, यावर आमचे एकमत होत नाही, कारण जे आधी येईल तेच वाचणारा खरे धरेल. विद्यार्थिनीने काल नवा खर्डा पाठवला. त्यात तिने कारणे काढून टाकून फक्त तीन तारखा क्रमाने लिहिल्या आहेत: लग्नाची, कायद्याची आणि पत्राची. पण तशा क्रमातही लग्नच आधी येते.