डिग्री भाड्याने देऊ नकोस, बाय

दापोलीला शेतीच्या डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या पुतणीचा परवा फोन आला. म्हणाली काका, माझी व्हेटरनरीची मैत्रीण पास झाली की कौन्सिलला, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेला, नाव लावणार, तिला नंबर मिळणार, मग आम्हा ॲग्रीवाल्यांना नंबर कुठे मिळतो?

कुठेच नाही, बाय. जनावरांच्या डॉक्टरांसाठी 1984 चा कायदा आहे, फार्मसीवाल्यांसाठी 1948 चा, आपल्या डिग्रीला प्रोफेशनल म्हणतात खरं पण कौन्सिल नाही, रजिस्टर नाही. माझा एक बॅचमेट कॅनडात ब्रिटिश कोलंबियाला आहे, तिथे ॲग्रोलॉजिस्ट म्हणजे शेतीचे तज्ज्ञ सल्लागार आणि बायोलॉजिस्ट यांच्या वेगवेगळ्या नोंदणी संस्था आहेत, 2021 पासून दोन्ही एकाच कायद्याखाली आल्या. पास झाल्यावर आधी शिकाऊ म्हणून नाव लावायचं, अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करायचं, मग पूर्ण नोंदणी, आणि चुकीचा सल्ला दिला तर तक्रार होते, चौकशी होते. हे मला फार पटतं.

पण आपल्याकडे काहीच नाही असंही नाही, आणि पुतणीला खरं सांगायचं होतं ते हेच. कीटकनाशक विकायच्या लायसन्सला 2015 च्या दुरुस्तीपासून शिकलेला माणूस लागतो. शेतीची पदवी, किंवा बायोकेमिस्ट्री, बायोटेक, लाइफ सायन्स, नाहीतर केमिस्ट्री, बॉटनी किंवा झूलॉजी घेतलेली बी.एस्सी. दुकानदाराकडे स्वतःची नसेल तर तसा माणूस नोकरीला ठेवायचा. म्हणजे त्या लायसन्सवरचं नाव हीच आपली नोंदणी, दुसरी कुठली नाही. आणि नेमकं तेच नाव बाजारात भाड्याने मिळतं, वर्षाचे पैसे ठरवून सर्टिफिकेट लावायचं, दुकानात पाय ठेवायची गरज नाही. पुतणीला पण आत्तापासून कोणीतरी विचारलंय.

माझी डिग्री मीही अशी भाड्याने दिली होती. नियम आल्याच्या पुढच्या वर्षी, हाताला काम नव्हतं, एका दुकानाला दिली. ऐन मोहोराच्या दिवसात सहज तिकडे गेलो तर एक वयस्क बागायतदार बिल घेऊन उभे, दोनदा फवारलं तरी तुडतुडा, मोहोराचा रस पिणारा किडा, हलत नाही, मोहोर काळा पडलाय म्हणून. बाटल्या बघितल्या. दोन कंपन्यांची दोन नावं, आत घटक एकच, इमिडाक्लोप्रिड. तेच औषध दुप्पट पैसे देऊन मारलेलं, आणि भिंतीवर फ्रेममध्ये माझी डिग्री. त्यांनी ती वाचून मलाच विचारलं, हे साहेब कधी भेटतात? मी काही बोलू शकलो नाही. त्याच आठवड्यात सर्टिफिकेट काढून आणलं, पण त्यांचा मोहोर गेला तो गेला.

म्हणून पुतणीला म्हटलं, नाव लावायचं तर जिथे तू रोज उभी राहशील तिथेच लाव. स्वतःचं काही उभं करायचं असेल तर ॲग्री क्लिनिकची, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणारं केंद्र काढायची, सरकारी योजना आहे, 2002 पासून चालू, 45 दिवसांचं ट्रेनिंग, नंतर बँकेचं कर्ज आणि त्यावर सबसिडी, बायकांना 44 टक्के. बायोलॉजीवाल्या मुलांनी शेतीत पोस्ट ग्रॅज्युएशन केलं असेल तर त्यांनाही चालते. दुकानदारांसाठी मॅनेज या हैदराबादच्या सरकारी शेती प्रशिक्षण संस्थेचा देसी नावाचा वर्षाचा डिप्लोमा आहे, तो डिग्री नसलेल्या जुन्या दुकानदारांना, आपल्याला नको. सर्टिफाइड क्रॉप ॲडव्हायझर, म्हणजे पिकांच्या प्रमाणित सल्लागाराची, परीक्षा भारतातही होते, ती द्यावी असं मला वाटतं, कारण ते सर्टिफिकेट टिकवायला पुढे शिकत राहावं लागतं.

आणि डिसेंबरात ये म्हटलं, माझ्या औषधांच्या दुकानात काउंटरवर बस. लोक फांदी तोडून आणतात, काय मारू विचारतात, आधी फांदी बघायची, भुरीची बुरशी आहे की तुडतुडा की फुलकिडे, मागच्या वेळी काय मारलं ते विचारायचं, मग बाटलीकडे हात. कधी कधी काहीच मारू नका असंही सांगावं लागतं, त्या दिवशी गल्ला कमी भरतो.

येते म्हणाली. भिंग घेऊन ये म्हटलंय.