दंड

दुसऱ्यांच्या घरात डोकावायची मला खोड आहे. मुद्दाम नाही हो, जाता जाता. दार उघडं दिसलं की मान आपोआप वळते. दोरीवर काय वाळतंय, फोडणी कसली बसलीय, एवढंच.

नोव्हेंबरात ही खोड माझ्याबरोबर दक्षिण कोरियात, सोलला आली. भाचीनं बुकचोनला नेलं. ग्योंगबोकगुंग आणि चांगदोकगुंग या दोन राजवाड्यांमधला चढ, दोन्ही अंगांना काळसर कौलांची हानोक, म्हणजे जुन्या कोरियन धाटणीची घरं, वळून पाहिलं तर खाली काचेचे टॉवर. भाड्याचे हानबोक, म्हणजे तिथले पारंपरिक पोशाख, घातलेल्या मुली फोटो काढत होत्या. घेर उचलला की खाली स्पोर्ट्स शूज! कोपऱ्यावर शांततेची पाटी धरून एक बाई उभी. या भागात लोक राहतात, म्हणून पर्यटकांनी सकाळी 10 ते संध्याकाळी 5 एवढ्यातच यायचं. अवेळी सापडलात तर 1 लाख वॉन दंड. म्हणजे सहा-एक हजार रुपये! 2025 च्या मार्चपासून हे सुरू झालंय.

"पाचशे वर्षं तरी झाली असतील नाही गं या घरांना?"

"छे गं मावशी, बरीचशी 1930 च्या आसपासची. बिल्डरची स्कीम."

चोंग सेग्वोन त्याचं नाव. सरदारांच्या मोठमोठ्या जागा घ्यायच्या, तुकडे पाडायचे, त्यावर आटोपशीर हानोकं बांधून विकायची. ओसरीला काचेची दारंसुद्धा त्यानंच आणली. तेव्हा कोरियावर राज्य जपानचं, शहराच्या दक्षिणेकडची जपानी वस्ती उत्तरेला सरकत चाललेली. आपली माणसं आपल्या पेठेत टिकावीत म्हणून त्याची ही खटपट. आमचा वाईचा वाडा याहून म्हातारा निघाला.

तेवढ्यात एक दार किलकिलं दिसलं. मान वळलीच. इवलासा चौक, तुकतुकीत काळे रांजण, त्यांतल्या एकावर वाळत टाकलेले गुलाबी रबरी हातमोजे. मागे एक आजीबाई. नजरानजर झाली आणि दार लागलं. लाकडी दार, लोखंडी कड्या, आणि कुलूप मात्र आकडे दाबायचं. ते वर गाणंही म्हणालं.

वाईला एका दुपारी माझी आजी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मेणवलीचा वाडा बघून परतणारं एक गोरं जोडपं दारात थबकलं. कॅमेरा दाखवून खुणेनं विचारलं, काढू का? आजीनं पदर सावरला आणि एरवी कधी बसायची नाही तशी ताठ बसली. वर त्यांना पाणी नि गुळाचा खडा. ते गेल्यावर मात्र संध्याकाळपर्यंत तिला एकच घोर.

"अगं, लुगडं दंड घातलेलं होतं गं. दिसला असेल का फोटोत?"

दंड, म्हणजे फाटका भाग काढून दोन तुकडे जोडल्याची शिवण. कुठल्या देशात, कुणाच्या अल्बममध्ये असेल तो फोटो, देव जाणे.

बुकचोनला मी फोटो काढला नाही. हातमोजे मात्र पाहून घेतले.